फिट्टंफाट

आमच्या साताऱ्याच्या घरातली मागची खोली आता पाहण्यासारखी झाली आहे, असे येणारेजाणारे म्हणतात. दारासमोरच्या भिंतीवर छतापर्यंत पुस्तके. डाव्या-उजव्या भिंतींपुढे चार बोटे अंतर सोडून टांगलेल्या चार गोधड्या. कोपऱ्यांत मातकट रंगाच्या हातमागाच्या कापडाने मढवलेल्या उभ्या लाकडी चौकटी. मधोमध एक टेबल, पिवळसर दिवा आणि मायक्रोफोन. ही खोली ध्वनिमुद्रणासाठी आहे हे सांगितल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘किती खर्च आला?’ त्यावर माझे उत्तरही बरेच दिवस ठरलेले होते. ‘सामानाचे पैसे गेले, मजुरीचा एक रुपयाही दिला नाही. सगळी कामाच्या बदल्यात कामं!’ हे उत्तर मी काहीशा अभिमानाने देत असे. हल्ली ते देववत नाही. का देववत नाही, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

सुरुवात वर्गात झाली. मी महाविद्यालयात मराठी शिकवत असताना एक दृष्टिहीन विद्यार्थी होता. मधल्या सुट्टीत मित्र त्याला पाठ वाचून दाखवत आणि त्या घाईच्या वाचनावर तो परीक्षा देई. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर एकदा मी तासभर बोललो, तो वर्गानंतर थांबला आणि म्हणाला, ‘सर, सगळं पुस्तक कुणाच्या तोंडून ऐकायला मिळेल?’ मी ‘बघू’ म्हणालो. शिक्षकाच्या ‘बघू’चे पुढे काय होते, हे वाचकांना ठाऊक आहे. निवृत्तीनंतर तो ‘बघू’ टोचू लागला. लक्ष्मीबाई 1936 साली गेल्या, म्हणजे स्वामित्वहक्काची अडचण नाही. शिवाय 2012 च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात अपंग वाचकांसाठी वाचनसुलभ आवृत्ती करण्याची मोकळीक आलेलीच आहे. आणि ते गद्य तर बोलण्याच्या लयीतलेच. म्हटले, आपणच वाचावे.

पहिले ध्वनिमुद्रण मोबाइलवर केले. ऐकले, तर कुणी हौदात उतरून प्रवचन करीत आहे असे वाटले. माझा एक जुना विद्यार्थी ध्वनितंत्रज्ञ आहे. त्याने खोलीत येऊन एकदा टाळी वाजवली, भिंतीभिंतींतून तिची तडतड ऐकली, पट्टीने मापे घेतली आणि हसला. खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच. ‘सर, ठोकळा आहे हा. यापेक्षा वाईट खोली शोधून सापडली नसती.’ त्याने समजावले ते असे : समोरासमोरच्या भिंतींत ध्वनिलहर अडकते, दहा फुटांच्या अंतरात सुमारे 56 हर्ट्झची आणि तिच्या दुप्पट, 112 हर्ट्झची लहर नेमकी मावते. वाचणाऱ्या पुरुषाच्या आवाजाचा पाया त्याच परिसरात असतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या असल्याने तोच एक स्वर तिन्ही दिशांनी फुगतो. म्हणजे हौदात मी नव्हतो. हौद माझ्या आवाजात होता.

उपाय सोपे होते, पण कष्टाचे. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याची लोकप्रिय युक्ती त्याने हाणून पाडली : त्यांनी खालचे स्वर अडत नाहीत, आणि आग मात्र चटकन लागते. खालच्या स्वरांना जाडी लागते. म्हणून कोपऱ्यांत चार इंच जाडीच्या रॉकवूलच्या चौकटी, मागे हवेची पोकळी. वरचे कापड असे की तोंडाशी धरून फुंकर मारली तर पलीकडे गेली पाहिजे. जिथून फुंकर जाते तिथून आवाज जातो. टाळीची तडतड मारायला जाड गोधड्या पुरतात, त्याही भिंतीला न चिकटवता. पुस्तकांच्या कमीजास्त कडा आवाज विखरून टाकतात, तेव्हा कपाटे हलवू नका. आणि रस्त्यावरच्या एसटीचे काय? तिला अडवायला भिंत जड करावी लागते आणि दाराची फट न फट बुजवावी लागते. ‘फटी बुजवू, बाकी तुम्ही पहाटे वाचा.’

पुण्यातल्या एका व्यावसायिकाने या साऱ्याचा जो आकडा सांगितला, तो माझ्या वर्षभराच्या निवृत्तिवेतनाशी स्पर्धा करणारा होता. तेव्हा सामान रोखीने घ्यावे आणि श्रम अदलाबदलीने मिळवावेत, ही कल्पना निघाली. माझ्याकडे देण्याजोगे काय? शिकवणे, वाचणे, लिहून देणे. मी एक वही घातली, तिच्यात ‘दिले’ आणि ‘घेतले’ असे दोन रकाने आखले आणि मुखपृष्ठावर सुवाच्य अक्षरांत लिहिले : ‘सावड’.

हा शब्द मी जाणीवपूर्वक निवडला होता. पैशाविना चालणाऱ्या व्यवहारांसाठी मराठीत शब्दांची ददात नाही. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करतो. आज तुझे शेत, उद्या माझे. इर्जिक घातली की गावातले नांगर एका दिवसासाठी एका रानात उतरतात आणि ज्याचे रान, तो जेवू घालतो. आणि तिसरा शब्द बलुते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग यांनी वर्षभर गावाची कामे करायची आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा मागायला जायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’मध्ये (1915) या व्यवस्थेचे बारकावे आहेत, आणि ती ज्यांच्या अंगावरून गेली त्यांच्या बाजूने ती कशी दिसते, हे दया पवारांच्या ‘बलुतं’ने (1978) सांगितले. डॉ. आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले ते 1928 साली. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने संपली ती 1958 च्या कायद्याने. मी हे सारे वर्गात वर्षानुवर्षे शिकवले आहे. बलुत्यातही पैसा नव्हता आणि सावडीतही नव्हता; फरक असा की सावडीत दोघेही दर ठरवू शकतात आणि दोघेही ‘यंदा जमायचं नाही’ म्हणू शकतात. बलुत्यात दर आधीच, दुसऱ्यांनी, पिढ्यांपूर्वी ठरवलेला असतो. हे वाक्य माझ्या टिपणांत अक्षरशः असेच आहे. तेव्हा मुखपृष्ठावर ‘सावड’ लिहिताना आपण कोणत्या बाजूला आहोत याबद्दल मला शंका नव्हती.

पहिला व्यवहार सुतारमिस्त्रींशी झाला. त्यांचा मुलगा दहावीत. मिस्त्री म्हणाले, ‘सर, पोराचं मराठी आणि इंग्रजी दोन्ही बघा. लाकडाचं पैसं रोख, मजुरी फिट्टंफाट.’ आठवड्याला तीन तास ठरले. मध्यंतरी मी एका चर्चासत्राला गेलो आणि तीन शिकवण्या बुडाल्या. परत आलो तर कोपऱ्यातली चौथी चौकट उघडीच. विचारले, तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाले, ‘तीन तास ऱ्हायलेत की तुमचं.’ मला जरा लागले, पण ते बरोबर होते. मी रविवारी तीन तास घेतले, सोमवारी चौकट बंद झाली. आजही आम्ही रस्त्यात भेटलो तर मोकळेपणाने बोलतो. कुणावर कुणाचे काही नाही, आणि तरी ओळख आहे.

दुसरा व्यवहार ध्वनितंत्रज्ञ विद्यार्थ्याशी. त्याने वायरिंग करायचे, आपला जुना इंटरफेस द्यायचा, मायक्रोफोन निवडून द्यायचा. मी त्याची कादंबरी वाचून ‘स्पष्ट’ अभिप्राय द्यायचा. शब्द त्याचा होता. हस्तलिखित तीनशे पानांचे. पहिली सत्तर पाने खरोखर चांगली होती. पुढे लेखक आपल्याच निवेदकावर भाळला होता. मी तसे लिहिले, उदाहरणांसह, अकरा पाने. त्यानंतर दोन महिने तो आला नाही. भिंतीतून वायरची दोन टोके बाहेर लोंबत होती आणि रोज पहाटे मी त्यांच्याकडे पाहून विचार करीत असे की थोडे सौम्य लिहिले असते तर आज खोली पूर्ण झाली असती.

हा विचार मला नवा नव्हता, एवढे कबूल केले पाहिजे. आपले साहित्यव्यवहार बऱ्याच अंशी अशाच अदलाबदलीवर चालतात. प्रस्तावनेच्या बदल्यात निमंत्रण, परीक्षणाच्या बदल्यात परीक्षण, अर्पणपत्रिकेच्या बदल्यात मौन. तिथे रोख पैसा नसतो म्हणून आपण त्या व्यवहाराला स्नेह म्हणतो. समीक्षकाने मानधन घेतले तर निदान ते किती होते हे सांगता येते. स्नेहाचा आकडा कुठे लिहिलेला नसतो. माझा अभिप्राय हा त्या खोलीच्या वायरिंगचा मोबदला होता, आणि मोबदला खणखणीत असावा अशी देणाऱ्याची अपेक्षा असते तशीच घेणाऱ्याची असते का, हा प्रश्न मला त्या दोन टोकांनी विचारला. अखेर तो आला. कादंबरीबद्दल अवाक्षर न बोलता त्याने सोल्डरिंग संपवले, मायक्रोफोन लावला आणि जाताना म्हणाला, ‘शंभराव्या पानापासून परत लिहितोय.’ वहीत मी तो व्यवहार पूर्ण झाल्याची खूण केली.

तिसरा व्यवहार गोधड्यांचा.

आमच्या मागच्या वस्तीत एक मावशी गोधड्या शिवतात. माहेर माण तालुक्यातले, दुष्काळी. वय सत्तरीच्या पुढे. त्यांना निराधार वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज करायचा होता. मी म्हणालो, ‘अर्ज, सोबतची पत्रं, सगळं मी लिहून देतो, तुम्ही मला चार जाड गोधड्या शिवून द्या. जुन्या साड्या आमच्याच घरातल्या.’ त्या ‘बरं’ म्हणाल्या. मिस्त्रींनी अट घातली होती, विद्यार्थ्याने शब्द सुचवला होता. मावशी फक्त ‘बरं’ म्हणाल्या. या फरकाकडे माझे लक्ष तेव्हा गेले नाही.

भिंतीची मापे घ्यायला त्या आल्या, तेव्हा मी मायक्रोफोनची पातळी तपासत होतो. ‘काहीतरी बोला,’ म्हटले. त्या लाजल्या, मग म्हणाल्या, ‘बोलू काय? वव्या म्हनू का?’ जाते नव्हते. हात फिरल्याशिवाय ओवी येत नाही, असे म्हणत त्यांनी टेबलावर उजव्या हाताने संथ वर्तुळ काढायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या फेऱ्याला आवाज लागला. मी कानाला हेडफोन लावून बसलो होतो. त्या ठोकळ्याच्या खोलीने इतके दिवस माझा आवाज बिघडवला होता. त्यांचा आवाज मात्र स्वच्छ आला. त्यांचा सूर वरचा, खोलीच्या खोड्यांतून निसटणारा, हे त्याचे शास्त्रीय कारण. पण ते मला नंतर सुचले.

मग त्या येत राहिल्या, भल्या पहाटे, कारण दोघांनाही तीच वेळ सोयीची. एसटी सुरू होण्याआधीची शांतता यंत्राला हवी होती, आणि ओव्या तर पहाटेच्याच. दीड महिन्यात चाळीसच्या वर ओव्या जमल्या. मुळशी-मावळपासून सुरू होऊन महाराष्ट्रभर हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे प्रचंड संकलन उभे केले, लाखाहून अधिक ओव्यांचे, ते आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर आहे, त्यात ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव असते. मला ते माहीत होते. मी माझ्या फायलींना नावे दिली होती : ‘ओवी 1’, ‘ओवी 2’, ‘ओवी 3’.

गोधड्या झाल्या. प्रत्येकीला दुपारचे पंधरा-वीस दिवस. जांभळ्या, हिरव्या, विटकरी तुकड्यांच्या. आईच्या, बायकोच्या, बहिणीच्या साड्या त्यांत ओळखू येतात. खोली देखणी झाली ती त्यांच्यामुळेच. मी अर्ज लिहून दिला, तीन पत्रे लिहून दिली. अर्ज कार्यालयातून कागद अपुरे म्हणून परत आला. मी पुन्हा लिहून दिला. मग एके दिवशी मावशी दारातच उभ्या राहून म्हणाल्या :

‘सर, माजा आवाज तुमच्याकडं ऱ्हायला. गोधड्या तुमच्या भितीला ऱ्हायल्या. तुमचा अर्ज माज्याकडं कुटं ऱ्हायला?’

आवाजात तक्रार नव्हती. हिशेब होता. मी म्हणालो, वहीत सगळे लिहिलेले आहे, बघू या. वही उघडली. मिस्त्रींच्या पानावर दोन्ही रकान्यांत तास होते. विद्यार्थ्याच्या पानावर कामे आणि पाने होती. मावशींच्या पानावर ‘घेतले’खाली ‘गोधड्या, नग 4’ एवढेच. तास नव्हते. माझे अर्ज मात्र तासांत होते, अर्ध्या तासापर्यंत मोजलेले. आणि ओव्या? त्या ‘घेतले’ या रकान्यात नव्हत्याच. मी त्या शोधल्या आणि त्या सापडल्या त्या ‘दिले’च्या रकान्यात. ‘ध्वनिमुद्रण, 2 तास.’ ‘ध्वनिमुद्रण, दीड तास.’ त्यांच्या ओव्या मी जतन करीत होतो, म्हणून ती माझी सेवा, माझे देणे, अशी नोंद माझ्याच हाताने, माझ्याच सुवाच्य अक्षरांत केलेली होती.

मावशींना वाचता येत नाही. मी वही मिटून ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणू शकलो असतो. का कुणास ठाऊक, मी ते पान त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मंजे मी गायलं त्याचंबी माज्याच अंगावर?’

ओसाकात तेरुको मिझुशिमा यांनी 1973 मध्ये श्रमाची एक पेढी सुरू केली. अशा पेढ्यांचा नियम पुढे जगभर साधारण असा झाला की कुणाचाही एक तास म्हणजे एक तास, डॉक्टरचा असो की झाडूवालीचा. मला तो नियम फार सुंदर वाटत असे. आता वाटते, तोही अपुरा आहे. काही तास उरतात आणि काही विरून जातात. गोधडीतले तास भिंतीवर आहेत. आवाजातले तास तबकडीवर आहेत, प्रती काढता येतील असे. अर्जातले तास एका खिडकीच्या पलीकडे कागदाच्या गठ्ठ्यात गेले. समान तास देऊनही मी टिकणारे घेत होतो आणि विरणारे देत होतो. आणि नियम कोणताही असो, वही माझ्याकडे होती. बलुत्यातही खळे पाटलाचेच असे.

त्या दिवशी मी विचारले, ‘मग काय करायचं, तुम्ही सांगा.’ हा प्रश्न चार गोधड्या उशिरा विचारला गेला, हे मला कळत होते. मावशींना विचार करायला वेळ लागला नाही; बहुधा त्यांचा तो आधीच झालेला होता. दोन गोधड्यांचे पैसे रोख. त्यांनी बाजारात मिळतो तो भाव सांगितला, मी दिला. उरलेल्या दोन गोधड्यांच्या बदल्यात ‘अर्ज लिवून द्येनं न्हवं; संगं यायचं, काम हुईस्तवर.’ मी पाच वेळा गेलो. रांगेत उभे राहिल्यावर समजले की अर्ज लिहिणे हा त्या कामाचा सर्वांत सोपा भाग होता. सहाव्या महिन्यात काम झाले.

आणि ओव्या. त्या म्हणाल्या, सगळ्या परत ऐकवा. दोन पहाटे आम्ही ऐकत बसलो. प्रत्येक ओवीनंतर त्या ‘ऱ्हाऊ द्या’ किंवा ‘पुसा’ म्हणत. बऱ्याच राहिल्या. अकरा पुसायला सांगितल्या. ‘ही घरातली हायत. त्या दिवशी हात फिरत हुता, म्हनून आली त्वांडात.’ त्या अकरांत मला सर्वांत मोलाच्या वाटणाऱ्या ओव्या होत्या. खरे सांगायचे तर त्यांच्यावर माझा लेख अर्धा लिहून झाला होता. संशोधक म्हणून जे जे युक्तिवाद करता येतात, ते सारे त्या पाच मिनिटांत माझ्या मनात येऊन गेले : परंपरेचे जतन, पुढच्या पिढ्या, अशा ओव्या पुन्हा मिळणार नाहीत. यांतला एकही खोटा नव्हता. पण ते सारे ‘दिले’च्या रकान्यातले युक्तिवाद होते. मी फायली पुसल्या. दुसऱ्या डिस्कवरच्या प्रतीही, आणि अर्धा लेखही. त्यांतली एक ओवी मला पाठ झालेली आहे. ती कशी पुसायची ते ठाऊक नाही. ती मी कुणाला म्हणून दाखवत नाही, एवढेच करता येते.

राहिलेल्या ओव्यांच्या प्रत्येक फायलीच्या आरंभी मावशींनी आपल्या आवाजात आपले नाव आणि माहेरचे गाव सांगितले आहे. एक प्रत त्यांच्या लेकीच्या मोबाइलवर आहे. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते ध्वनिमुद्रणासाठी दिले होते, लेखासाठी नव्हे. हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, ‘वही वाचून दावली ते लिवा.’ ते लिहिले.

‘स्मृतिचित्रे’चे वाचन अजून चालू आहे. पहाटे साडेचारला पंखा बंद करतो, फ्रीजचे बटण काढतो, दाराच्या फटीशी पोते सरकवतो आणि वाचायला बसतो. हौद आता ऐकू येत नाही. तो विद्यार्थी दुसऱ्या गावी नोकरीला आहे. झालेली प्रकरणे त्याला पाठवतो. त्याने गेल्या महिन्यात कळवले, ‘सर, तुम्ही फार हळू वाचता, मी दीडपट वेगाने ऐकतो.’ चालेल. वेग ऐकणाऱ्याने ठरवावा.

वही अजून आहे. नवे व्यवहार होतात. आता ती टेबलावर उघडी असते आणि प्रत्येक पानाच्या तळाशी दोघांची खूण असते, सही किंवा अंगठा. मुखपृष्ठावरचा ‘सावड’ हा शब्द मी खोडलेला नाही. पण त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढले आहे, आणि ते तसेच राहू द्यावे असे वाटते.